जुन्नरची लेणी पांडवांची नव्हेत

पुण्याहून शिवनेरी किंवा लेण्याद्रीला जाणाऱ्या मंडळींना वाटेत कोणी ना कोणी हमखास सांगतो, की ही लेणी पांडवांनी वनवासात एका रात्रीत खोदली. ही समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली असली, तरी ती खरी नाही. लेण्याद्री, मानमोडी, तुळजा आणि शिवनेरी या डोंगरांतील दोनशेहून अधिक लेणी बौद्ध भिक्षूंच्या निवासासाठी व उपासनेसाठी, सुमारे साडेपाचशे वर्षांच्या काळात, टप्प्याटप्प्याने कोरली गेली. त्यांचा खर्च कोणी उचलला, हे ब्राह्मी शिलालेखांतच नोंदलेले आहे: धान्याचे व्यापारी, बांबूकाम करणारे, कासार यांच्या श्रेणी (म्हणजे व्यावसायिकांचे संघ), आणि चक्क काही यवन, म्हणजे ग्रीकही. लेण्याद्रीचे गणेशमंदिरसुद्धा मुळात एक विहार, म्हणजे भिक्षूंचे निवासस्थान आहे. सभागृहाच्या तीन बाजूंच्या कोठड्या आजही दिसतात, मात्र दर्शनाच्या घाईत त्यांच्याकडे सहसा कोणाची नजर जात नाही.

जुन्नरला 2018 मध्ये राज्य शासनाने पर्यटन तालुका म्हणून घोषित केले, तरी बहुतेकांची सहल गड आणि अष्टविनायक यांवरच संपते. वास्तविक तुळजा लेण्यातील बारा खांबांचे वर्तुळाकार चैत्यगृह (स्तूप असलेले उपासनागृह), सातवाहन राणी नागनिकेचा लेख असलेला नाणेघाट, माणिकडोहचे बिबट्या निवारा केंद्र आणि खोडदची 30 अँटेनांची महाकाय रेडिओ दुर्बीण एकाच तालुक्यात आहेत. पांडवांच्या कथेने वाटाड्याचे काम दोन वाक्यांत उरकते. कासारांच्या श्रेणीची हकिकत सांगायची, तर पर्यटकाला लेखासमोर थांबवावे लागते, आणि त्यासाठी गावातल्याच तरुणांना तो लेख समजावून सांगता यायला हवा.