थंडीतली पहाटेची हवा सगळ्यात शुद्ध असते का?

‘पहाटेची हवा सर्वांत शुद्ध, म्हणून पाचलाच फिरायला निघा’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. गारवा आणि शांतता असली की हवाही स्वच्छच वाटते. नाशिकच्या थंडीत मात्र बऱ्याचदा उलटं घडतं.

रात्री जमीन निवते, तिच्यालगतची हवाही गार होते. वरचा थर तुलनेनं उबदार राहतो आणि झाकणासारखा बसतो. त्यात वारा पडलेला. मग द्वारका चौकातल्या वाहनांचा, शेकोट्यांचा, जाळलेल्या कचऱ्याचा धूर खालीच कोंडतो. ऊन चढलं, जमीन तापली की हवा वर उठते आणि धूर पांगतो. (पावसाळ्याची गोष्ट वेगळी, सरी हवा धुऊन काढतात.)

या धुरातले २.५ मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक कण फुफ्फुसाच्या टोकापर्यंत पोहोचतात, त्यांतले काही रक्तातही उतरतात. दमा बळावतो, हृदयविकाराचा धोका वाढतो.

पडताळा घरीच घेता येतो. हवेची गुणवत्ता दाखवणाऱ्या ॲपवर जवळच्या केंद्राचा तासागणिक आलेख उघडा. दिवसाची सरासरी नको, तिच्यात हा फरक बुजतो. जानेवारीत आठवडाभर सकाळी ७ आणि दुपारी ३ चे आकडे शेजारी लिहा; आकडा मोठा, तितकी हवा वाईट.

चालणं सोडू नका. दमा किंवा हृदयविकार असेल, तर थंडीत ऊन वर आल्यावर, हमरस्त्यापासून दूर चाला.