आंत्रशुद्धी, बालकांतील शस्त्रक्रियापूर्व

मोठ्या आतड्यावरील नियोजित शस्त्रक्रियेआधी त्यातील मळ रेचक, नळीवाटे दिलेले द्रावण किंवा एनिमा यांनी काढून टाकण्याची पद्धत. हिर्शस्प्रुंग रोग (आतड्याच्या शेवटच्या भागात जन्मतः चेतापेशी नसल्याने मळ तुंबणे), गुदद्वाराचे जन्मजात दोष व कोलोस्टोमी (मोठ्या आतड्याचे पोटावर उघडलेले तोंड) बंद करणे ही मुलांमधील तिची नेहमीची निमित्ते.

मुलाला बस्ती (आयुर्वेदातील औषधी एनिमा) कोणत्या वयापासून द्यावी, हा वाद जुना आहे. काश्यपसंहिता या बालरोगांवरील आयुर्वेदीय ग्रंथात त्याविषयी जन्मापासून सहाव्या वर्षापर्यंत निरनिराळ्या आचार्यांची मते आढळतात. ग्रंथाचा काळ अनिश्चित आहे. उपलब्ध खंडित पाठ बहुधा इ. स. सहाव्या-सातव्या शतकाच्या आसपासचा व गाभा त्याहून जुना असावा. तेथील बस्ती हा स्वतंत्र उपचार आहे, शस्त्रक्रियेची तयारी नव्हे. तेव्हा आजच्या पद्धतीचे मूळ तिच्यात शोधणे ओढाताणीचे वाटते.

1970 च्या दशकात नाकातून जठरात नळी घालून सलाइनने सगळे आतडे धुतले जाई. त्यातले मीठपाणी शरीरात मुरत असे. 1980 मध्ये आलेल्या पॉलिएथिलीन ग्लायकॉल (आतड्यात जवळजवळ न शोषला जाणारा रेचक) व क्षारांच्या द्रावणाने हा दोष बराच टळला. मात्रा दर किलो वजनामागे ताशी सुमारे 25 मिलि. एवढे खारट पाणी लहान मूल क्वचितच पिते, म्हणून रायल्स ट्यूब (नाकातून जठरात घालायची नळी) लागते. मळमळ, ओकारी व पोटफुगी नेहमीची. ओकारी श्वासमार्गात जाणे हा धोका मोठा. मॅनिटॉल हे साखरेसारखे रेचक मागे पडले, कारण जिवाणू त्यापासून हायड्रोजन बनवतात आणि डायथर्मीच्या (शस्त्रक्रियेत विजेने ऊतक कापण्याच्या उपकरणाच्या) ठिणगीने तो पेट घेऊ शकतो. तान्ह्या मुलांत लांबलेल्या उपवासाने रक्तातील साखर उतरते.

सर्वांत घातक फॉस्फेटचा एनिमा. तो बाहेर न पडता आतच राहिला, तर रक्तात फॉस्फेट चढते, कॅल्शियम उतरते व आचके येतात. मृत्यूही झाले आहेत. दोन वर्षांखालील मुले, मूत्रपिंडविकार व हिर्शस्प्रुंग रोग यांत तो टाळतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2014 मध्ये तसा इशारा दिला. साध्या पाण्याच्या एनिमाने, विशेषतः फुगलेल्या आतड्यात, सोडियम घसरून झटके येतात. साबणाच्या पाण्याने अस्तर भाजते.

प्रौढांतील चाचण्यांत नुसत्या धुण्याने जखमेतील संसर्ग घटल्याचे दिसले नाही. तोंडाने दिलेल्या प्रतिजैवकांची जोड मात्र उपयोगी ठरते, असा अलीकडचा कल आहे. मुलांबाबतचा पुरावा मुख्यतः जुन्या रुग्णनोंदींवर उभा असून, सरसकट शुद्धी नको हे मत अधिक ग्राह्य दिसते. हिर्शस्प्रुंग रोगात तुंबलेले आतडे मोकळे करण्यासाठी सलाइनने केलेले धुणे हा वेगळा विषय होय. ते उपचाराचाच भाग असते.