'बॉडीगार्ड' आणि 'बियॉन्ड द लाइट्स': पहारा कुणापासून?

'बियॉन्ड द लाइट्स' हा चित्रपट लावला की अर्ध्या तासात कुणीतरी म्हणतंच, "अरे, हा तर बॉडीगार्ड!" सलमानचा नव्हे, १९९२चा, व्हिटनी ह्यूस्टन आणि केव्हिन कॉस्टनरचा. चूक समजण्यासारखी आहे. दोन्हीकडे प्रसिद्धीच्या झोतातली कृष्णवर्णीय गायिका, दाराशी पहारा देणारा पुरुष आणि मग दोघांचं प्रेम.

'बॉडीगार्ड'चा हिशेब सरळ आहे. गायिका रेचलला (व्हिटनी) धमकीची पत्रं येतात, म्हणून सीक्रेट सर्व्हिसमधून, म्हणजे अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या सुरक्षा दलातून, बाहेर पडलेल्या फ्रँकला (कॉस्टनर) नेमतात. सुपारी दिलेली असते सख्ख्या बहिणीने, रेचलच्या यशाखाली तिचं स्वतःचं गाणं दबलेलं असतं म्हणून. ऑस्कर सोहळ्यात गोळी सुटते, फ्रँक ती अंगावर घेतो, मारेकरी संपतो. फ्रँक पुढच्या ड्यूटीवर जातो. डॉली पार्टनचं १९७४चं 'आय विल ऑल्वेज लव्ह यू' हे गाणं व्हिटनीने असं गायलंय की कथा विसरलेल्यांनाही ते आठवतं.

जीना प्रिन्स-बाइथवुड दिग्दर्शित २०१४च्या 'बियॉन्ड द लाइट्स'मध्ये पत्रं नाहीत, मारेकरी नाही. पहिला पुरस्कार मिळवलेली, पहिला अल्बम तोंडावर आलेली नोनी (गुगू म्बाथा-रॉ) हॉटेलच्या बाल्कनीच्या कठड्यापलीकडे जाऊन बसते. दारावर ड्यूटीला असलेला पोलीस काझ तिचा हात पकडतो. वाचवलं तिला तिच्यापासूनच. मग पत्रकारांपुढे पाय घसरल्याची कथा सांगायची ठरते, आणि काझही तीच सांगतो. फ्रँकला असं खोटं बोलावं लागलं नव्हतं.

हे कुठून आलं, ते सुरुवातीलाच दिसतं. लंडनच्या ब्रिक्स्टनमध्ये नोनीची गोरी आई (मिनी ड्रायव्हर) रात्री केशकर्तनालय बंद व्हायच्या वेळी पोरीला घेऊन धडकते. सकाळी स्पर्धा आहे आणि लेकीच्या कुरळ्या केसांचं काय करायचं, हे तिला ठाऊक नाही. त्या एका प्रसंगात माझा तरी आईवरचा राग निम्मा ओसरतो. पण पोरगी नीना सिमोनचं 'ब्लॅकबर्ड' गाऊन दुसरी येते, तेव्हा हीच आई चषक फेकून द्यायला लावते. मोठी झालेली नोनी जांभळे, लांबसडक, जोडलेले केस आणि अंगावर जेमतेम कपडे घेऊन नाचते. आवाज तिचा, बाकी सगळं दुसऱ्यांनी ठरवलेलं.

काझही काही मोकळा नाही; त्याच्या वडिलांना त्याला राजकारणात उतरवायचंय. बहुतेक म्हणूनच त्याला तिची घुसमट लवकर कळते. एका पुरस्कार सोहळ्यात सहगायक नोनीचा कोट ओढायला लागतो, तेव्हा काझ मंचावर धावतो. इथे तो थेट 'बॉडीगार्ड'मधला वाटतो. पण फ्रँकच्या धावण्याने संकट टळलं होतं, काझच्या धावण्याने बातमी होते.

मग दोघं मेक्सिकोला पळतात. नोनी ते जोडलेले केस काढून टाकते. मूळचे कुरळे दिसतात, तेच ज्यांच्यासाठी त्या रात्री धावाधाव झाली होती. कॅराओकेत ती पुन्हा 'ब्लॅकबर्ड' गाते, हळू, कुठलाही नाच न करता. ऐकणारे मोजके. त्यांतलं कुणीतरी मोबाइलवर टिपतं, आणि फोटोवाले तिथेही येऊन थडकतात.