डार्क मोड नंतर, आधी ब्राइटनेस बघा

डोळे चुरचुरायला लागले की आपल्याकडे लगेच दोन सल्ले मिळतात, डार्क मोड लाव नाहीतर ब्लू लाइटवाला (स्क्रीनचा निळा प्रकाश अडवणारा) चष्मा घे. ब्राइटनेसबद्दल मात्र कोणी विचारत नाही, आणि माझ्या मते निम्मी गडबड तिथेच असते.

हिशोबच करू. ऑफिसात टेबलावर साधारण ५०० लक्स उजेड असतो, त्यात पांढरा कागद अंदाजे १२५ निट इतका उजळ दिसतो (लक्स म्हणजे टेबलावर पडणारा उजेड मोजायचं माप, आणि निट म्हणजे स्क्रीनची चमक मोजायचं माप). साधा लॅपटॉप फुल्ल केला की २५० ते ३०० निट देतो. आता तोच लॅपटॉप तसाच्या तसा रात्री घरी उघडला, जिथे १०० लक्सच उजेड आहे, तर कागद उतरतो २५ निटवर आणि स्क्रीन अजून ३०० वरच, म्हणजे कागदाच्या बारापट! मग डोळे दिपणार नाहीत तर काय होणार. म्हणून सरळ एक कोरा कागद स्क्रीनशेजारी धरायचा, वर्डचं रिकामं पान उघडायचं, स्क्रीन ट्यूबलाइटसारखी भगभगीत वाटली तर ब्राइटनेस कमी, मळकट वाटली तर जास्त. दिवसा खिडकीपाशी आणि रात्री बेडरूममध्ये सेटिंग वेगळंच येणार.

डार्क मोड अंधारात बरा वाटतो हे खरंय, पण भर उजेडात तो वाचायला सोपा असतोच असं नाही. पांढऱ्या बॅकग्राउंडमुळे डोळ्याची बाहुली आकसते आणि बाहुली लहान झाली की अक्षर जास्त रेखीव दिसतं. २०१३ साली जर्मन संशोधकांनी तरुण आणि वयस्कर अशा दोन्ही गटांना प्रूफ तपासायला लावलं होतं, दोन्ही गटांना पांढऱ्यावर काळं जास्त सोपं गेलं. ज्यांना सिलिंड्रिकल नंबर आहे त्यांना तर काळ्यावरची पांढरी अक्षरं फुटल्यासारखी दिसतात, त्यात आपली देवनागरी, अनुस्वार आणि रफार छोट्या साइजमध्ये आधीच बिचारे जीव मुठीत धरून असतात. डार्क मोडच आवडत असेल तर ठार काळ्याऐवजी गडद करडं बॅकग्राउंड आणि जरा मळकट पांढरी अक्षरं घ्या, पुष्कळ फरक पडतो.

कॉन्ट्रास्टचंही, म्हणजे अक्षर आणि बॅकग्राउंड यांच्या उजळपणातल्या फरकाचंही माप आहे. पांढऱ्यावर काळं म्हणजे २१:१, आणि वेबसाइटच्या नियमांनुसार साध्या मजकुराला किमान ४.५:१ लागतं. हल्ली डिझायनर लोकांना आवडणारी ती फिकट करडी अक्षरं बऱ्याचदा ३:१ च्याही खाली असतात. पांढऱ्यावर पिवळं तर १.०७:१, म्हणजे असून नसल्यासारखंच. काळ्यावर गडद निळंही फसतं, कारण स्क्रीनच्या निळ्या रंगाचा एकूण उजळपणात वाटा जेमतेम ७ टक्के, शिवाय डोळ्यात जिथे आपण सगळ्यात बारीक बघतो त्या मधल्या ठिपक्यात निळा रंग टिपणाऱ्या पेशी जवळपास नसतातच.

आता तो निळा प्रकाश. २०२३ मध्ये कॉक्रेनने (वैद्यकीय संशोधनाचा आढावा घेणारी संस्था) आधीच्या चाचण्या एकत्र तपासल्या, त्यात ब्लू लाइट चष्म्याने स्क्रीनचा थकवा कमी होतो असं काही दिसलं नाही, म्हणून नुसत्या थकव्यासाठी मी तरी त्यावर पैसे घालणार नाही. नाइट लाइटचा, म्हणजे स्क्रीन पिवळट करणाऱ्या सेटिंगचा मुद्दा वेगळा आहे, तो झोपेचा. सुमारे ४८० नॅनोमीटरचा निळसर प्रकाश शरीराला 'अजून दिवस आहे' असं सांगतो, म्हणून रात्री स्क्रीन पिवळट करतात, पण स्क्रीन पिवळी आणि ब्राइटनेस फुल्ल असं असेल तर फार उपयोग नाही. फोटो एडिट करताना मात्र नाइट लाइट आठवणीने बंद करा, नाहीतर सगळ्यांचे चेहरे निळे करून ठेवाल.

एवढं करूनही चुरचुरत असेल तर रंगांच्या मागे लागू नका. एरवी आपण मिनिटाला १५ च्या आसपास वेळा पापण्या मिटतो, स्क्रीनसमोर ते बरंच कमी होतं, त्यात एसीचा झोत तोंडावर असेल तर डोळे कोरडे पडणारच.

आणि ओलेड (OLED, स्क्रीनचा एक प्रकार) फोनवाल्यांसाठी एक गोची आहे. ब्राइटनेस अगदी खाली नेला की बऱ्याच ओलेड स्क्रीन सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद होऊन उजेड कमी करतात, डोळ्याला दिसत नाही पण काहींचं डोकं दुखतं. दुसऱ्या फोनच्या कॅमेऱ्यातून बघा, स्क्रीनवर काळे पट्टे सरकताना दिसले तर सेटिंगमध्ये डीसी डिमिंग किंवा अँटी फ्लिकर (ही लुकलुक कमी करणारा पर्याय) शोधा, नसेल तर ब्राइटनेस थोडा वर ठेवा आणि खोलीतला एखादा दिवा लावून घ्या.