हजार किलोमीटरवरचा केसपेपर

१९ जुलै २०२२ रोजी लंडनमध्ये पारा ४० अंशांवर गेला. त्या उकाड्यात गाय्ज अँड सेंट थॉमस या मोठ्या रुग्णालय-समूहाच्या डेटा सेंटरमधलं, म्हणजे सर्व्हर ठेवण्याच्या जागेतलं, वातानुकूलन कोलमडलं. एक सेंटर बंद पडलं तर दुसऱ्यानं सांभाळावं अशी सोय होती, पण उकाडा दोन्हीकडे सारखाच होता आणि दोन्ही बसली. डॉक्टर पुन्हा कागद-पेनावर आले. घडी पूर्ववत बसायला काही आठवडे गेले. ‘आपला सर्व्हर आपल्या डोळ्यांसमोर आहे, म्हणजे सुरक्षित आहे’ असं मानणाऱ्यांनी ही घटना जरूर लक्षात ठेवावी.

म्हणूनच रुग्णालयं आपल्या नोंदी क्लाऊडमध्ये, म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या दूरच्या, भाड्यानं घेतलेल्या सर्व्हरवर नेण्याचा विचार करतात. क्लाऊडचं मुख्य आकर्षण इथेच आहे. माहितीच्या प्रती एकमेकींपासून दूर असलेल्या इमारतींमध्ये राहतात, प्रत्येकीची वीज आणि थंडाव्याची व्यवस्था वेगळी असते. शिवाय जागा लागेल तशी भाड्यानं वाढवता येते. रुग्णालयाला ती लागतेच, कारण स्कॅनच्या प्रतिमा. सीटी स्कॅनचा एक काप म्हणजे साधारण ५१२ गुणिले ५१२ ठिपके, प्रत्येक ठिपक्याला दोन बाइट, म्हणजे अर्धा एमबी. हजार कापांची तपासणी झाली की अर्धा जीबी. वर्षानुवर्षं जपायच्या आणि क्वचितच उघडायच्या या प्रतिमांसाठी क्लाऊडमधली स्वस्त, संथ साठवण उत्तम. मात्र तिथून फाइल परत यायला काही वेळा तास लागतात. म्हणून रुग्णाची उद्याची अपॉइंटमेंट पाहून जुने स्कॅन आदल्या रात्रीच जवळ आणून ठेवणारी व्यवस्था लागते.

इथवर सगळं सोपं वाटतं. खरी अडचण येते ती अंतराची.

ऑप्टिकल फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. डेटा सेंटर हजार किलोमीटरवर असेल तर जाऊन यायला किमान १० मिलिसेकंद लागतात, वाटेतल्या यंत्रांमुळे प्रत्यक्षात १५ धरू. एकदा विचारायचं तर हे काहीच नाही. पण जुन्या प्रणाली फार बडबड्या असतात. रुग्णाचा एक स्क्रीन उघडायचा तर आधी नाव विचारतात, उत्तर आल्यावर ॲलर्जी, मग चालू औषधं, मग एकेका औषधाची मात्रा. असे तीनशे प्रश्न एकामागून एक. सर्व्हर तळघरात असताना प्रत्येक प्रश्नाला अर्धा मिलिसेकंद लागला, तरी ०.१५ सेकंदात काम उरकतं. तेच प्रश्न दूर पाठवले की साडेचार सेकंद! दिवसभरात शेकडो वेळा स्क्रीन उघडणारी नर्स वैतागणारच. आणि जाडजूड इंटरनेट जोडणी घेऊनही हा वेळ घटत नाही, कारण पाइप कितीही रुंद केला तरी त्याची लांबी तेवढीच राहते.

उपाय दोनच. प्रोग्रॅम आणि डेटाबेस (नोंदींचा साठा) दोन्ही शेजारी-शेजारी क्लाऊडमध्ये ठेवायचे आणि तयार स्क्रीन तेवढा वॉर्डात पाठवायचा, नाहीतर सगळे प्रश्न एकदम विचारेल असा प्रोग्रॅम नव्यानं लिहायचा. नुसता डेटाबेस उचलून वर नेणं हा माझ्या मते सर्वांत वाईट मार्ग, आणि दुर्दैवानं तोच सर्वांत मोहात पाडणारा.

दुसरा प्रश्न तारेचा. क्लाऊड कंपनीचं ९९.९ टक्के उपलब्धतेचं आश्वासन ऐकायला भक्कम वाटतं, पण उरलेला ०.१ टक्का म्हणजे वर्षाला पावणेनऊ तास. त्यातही हे आश्वासन पलीकडच्या टोकाचं. रस्ता खणताना तुटलेली केबल त्यात मोजलेली नसते. म्हणून दोन जोडण्या वेगवेगळ्या मार्गांनी आणाव्या लागतात, आणि दाखल रुग्णांची औषधं व ॲलर्जी यांची दर काही मिनिटांनी ताजी होणारी, फक्त वाचता येणारी प्रत रुग्णालयातच ठेवावी लागते. व्हेंटिलेटर आणि आयसीयूतले मॉनिटर तर इंटरनेटवर अवलंबून असताच कामा नयेत.

सुरक्षिततेबद्दल दोन्ही बाजूंनी अतिशयोक्ती होते. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसनं ब्रिटनमधली अनेक रुग्णालयं ठप्प केली. ज्या त्रुटीतून तो शिरला तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिली होती, पण कित्येक संगणकांवर ती बसवलीच गेली नव्हती. क्लाऊड कंपनी स्वतःच्या सर्व्हरची अशी डागडुजी नेमानं करते. कोणाला काय दिसावं, कोणाचं खातं कधी बंद करावं, हे मात्र रुग्णालयालाच ठरवावं लागतं. साठवणीचं दार चुकून सर्वांसाठी उघडं राहिलं, तर उत्तम कुलूपबंद इमारतीचा उपयोग शून्य.

स्थलांतराचा क्रमही यातूनच ठरतो. आधी बॅकअप आणि जुन्या प्रतिमा, मग बिलिंग, औषधांचे आदेश सर्वांत शेवटी. त्याआधी एकाच रुग्णाचे दोन-दोन नोंदणी क्रमांक शोधून जुळवायचे, जे काम ठरवल्यापेक्षा हमखास लांबतं. आणि सही करण्यापूर्वी करारातलं एक कलम वाचायचं: उद्या कंपनी बदलायची झाली, तर सगळ्या नोंदी कोणत्या स्वरूपात, किती दिवसांत आणि किती शुल्क भरून परत मिळतील.