मोबाईलचं वायरलेस चार्जिंग

फोनला पिन न लावता तो नुसता चार्जिंग पॅडवर ठेवून बॅटरी चार्ज करायची पद्धत. पॅडला स्वतःला वायर लागतेच, पॅड आणि फोनच्या मधली वायर तेवढी जाते.

मूळ तत्त्व मायकेल फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलं होतं, चुंबकीय क्षेत्र बदलत राहिलं की जवळच्या तारेच्या वेटोळ्यात वीज तयार होते. पॅडच्या आत तांब्याच्या तारेची चपटी कॉइल असते, दिसायला साधारण मच्छर अगरबत्तीसारखी, अडॅप्टरकडून येणाऱ्या डीसीचा (एकाच दिशेने वाहणारा करंट) पॅड एसी (दिशा बदलत राहणारा करंट) करतो आणि हा करंट सेकंदाला लाखापेक्षा जास्त वेळा मागेपुढे होतो (घरातली वीज ५० हर्ट्झची असते), त्यामुळे तितक्याच वेगाने बदलणारं चुंबकीय क्षेत्र फोनच्या काचेच्या पाठीतून आत शिरतं, आतल्या कॉइलमध्ये वीज तयार होते, तिचा परत डीसी होऊन ती बॅटरीत जाते. इंडक्शन शेगडीचं तत्त्व पण हेच, तिथे दुसऱ्या कॉइलच्या जागी भांड्याचा बूड असतो आणि तो तापतो.

मला यातला सगळ्यात भारी भाग वाटतो तो फोन आणि पॅडचं बोलणं. फोन आपल्या कॉइलवरचा लोड कमी-जास्त करतो, तो फरक पॅडला जाणवतो आणि अजून पॉवर दे, आता कमी कर, आता बस, हे सगळं त्यातूनच कळतं. मध्ये नाणं अडकलं तर पॉवरचा हिशोब जुळत नाही म्हणून चांगला पॅड चार्जिंग थांबवतो, नाहीतर ते नाणं चटका बसेल इतकं तापू शकतं.

बहुतेक फोनमध्ये 'ची' (Qi) हे वायरलेस चार्जिंगचं स्टँडर्ड असतं, शब्द चिनी आहे, अर्थ प्राणशक्ती. नोकिया लुमिया ९२० मध्ये ते २०१२ लाच होतं, पण घराघरात पोचलं २०१७ च्या आयफोन ८ आणि आयफोन टेन नंतर.

खरी अडचण जागेची. दोन्ही कॉइल समोरासमोर हव्यात, फोन थोडा जरी सरकला की पॉवर कमी मिळते, बाकीची उष्णतेत वाया जाते, आणि उष्णता बॅटरीला वाईटच. रात्री फोन पॅडवर ठेवला, व्हायब्रेशनने बोटभर सरकला, सकाळी बघतो तर १८ टक्के, हे मी अनुभवलंय. म्हणून आयफोन १२ पासून ॲपलच्या मॅगसेफ या चार्जिंग पद्धतीत आणि 'ची'च्या २०२३ च्या नव्या आवृत्तीत, ची-टू मध्ये, कॉइलभोवती चुंबकांची रिंग आली, फोन बरोबर जागेवर चिकटतो. घाईत असाल तर मात्र केबलच लावा, वेळ आणि वीज दोन्ही वाचतात. आणि कार होल्डरसाठी कव्हरमागे लोखंडी पट्टी चिकटवलेली असेल तर पॅडवर ठेवायच्या आधी ती काढा, ती क्षेत्र अडवते आणि स्वतः तापते.