धर्मकला आणि दीनसेवा

देवाच्या नावाने आलेले सोने वेदीवर चढवावे की भुकेल्याला द्यावे, हा धर्मपरंपरांमधला जुना वाद. ख्रिस्ती धर्मात त्याची सुरुवात बेथानीतल्या प्रसंगापासून धरतात. एका स्त्रीने येशूला महागडे सुगंधी तेल लावले, तेव्हा ते ३०० दिनारांना विकून गोरगरिबांना का दिले नाही, असे येशूचा शिष्य यूदा याने विचारले. योहानाच्या शुभवर्तमानाप्रमाणे हा विचारणाराच शिष्यांच्या सामायिक थैलीतले पैसे लांबवत असे. गरिबांची बाजू घेणाऱ्याच्या हेतूबद्दलची शंका तेव्हापासून या वादाला चिकटली आहे.

चौथ्या शतकात मिलानचा बिशप अँब्रोज याने युद्धकैदी सोडवण्यासाठी चर्चची पात्रे वितळवली आणि विरोधकांचे बोल ऐकले. त्याच शतकाच्या अखेरीस धर्मोपदेशक जॉन क्रिसोस्टोमने श्रोत्यांना सुनावले, की दिव्याला चांदीच्या साखळ्या करता आणि तुरुंगात साखळदंडात पडलेल्याकडे फिरकत नाही. सजावट मात्र त्याने निषिद्ध ठरवली नाही. आधी भुकेल्याचे पोट, मग उरेल त्यातून वेदी, असा क्रम लावला.

वादाला खरी धार चढली बाराव्या शतकात. सुमारे ११२५ मध्ये क्लेअरव्हो मठाचा मठाधिपती बर्नार्ड याने लिहिले, की चर्च आपल्या दगडांना सोन्याने मढवते आणि लेकरांना उघडे ठेवते. झगमगाट पाहिला की भाविकाची थैली सैल होते, म्हणजे पैसा पेरून पैसा काढण्याचाच हा उद्योग, हेही त्याने हेरले होते. त्याचा रोख प्रामुख्याने मठांवर होता. सामान्य भाविकांसाठी बिशपांनी केलेल्या सजावटीला त्याने थोडी सूट दिली. उलट पॅरिसजवळच्या सेंट डेनिसचा मठाधिपती सुजे याला देवासाठी केलेला कोणताही खर्च जास्त वाटत नसे. तरी सोनेरी दारावर त्याने कोरून घेतले ते असे: सोने आणि खर्च पाहून नव्हे, कारागिरी पाहून थक्क व्हा.

१५२२ मध्ये विटेनबर्गच्या कार्लस्टाट या धर्मसुधारकाने चर्चमधल्या मूर्ती हटवणे आणि ख्रिस्ती लोकांत भिकारी नसणे, या दोन्ही मागण्या एकाच पुस्तिकेत मांडल्या. झुरिकमध्ये १५२४ साली चर्चमधल्या प्रतिमा निघाल्या, पुढच्याच वर्षी गरिबांच्या मदतीचा नगरनियम आला.

नेपल्समध्ये हे कोडे वेगळ्याच रूपात दिसते. गरिबांच्या सेवेसाठी १६०२ मध्ये स्थापन झालेल्या ‘पिओ मोंते देल्ला मिझेरिकोर्दिया’ या संस्थेने चित्रकार काराव्हाज्जोकडून दयेच्या सात कृत्यांचे (भुकेल्याला अन्न, कैद्याची भेट, मृताला मूठमाती वगैरे) चित्र करून घेतले. तुरुंगाच्या गजाआडून डोके काढलेल्या म्हाताऱ्या बापाला मुलगी आपले दूध पाजते आहे, मागून एका प्रेताचे नुसते पाय नेले जाताना दिसतात. चित्र विकत घेण्यासाठी मागणी येऊ लागली, तेव्हा १६१३ मध्ये संस्थेने ठराव केला: हे चित्र कोणत्याही किमतीला विकायचे नाही.